पाठमोरा पेंग्विन

भुसावळच्या मे महिन्यात सकाळी अकरानंतर घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. रेल्वे क्वार्टर्सच्या भिंती तोवर तव्यासारख्या तापलेल्या असतात. नळाची पहिली बादली तशीच ओतून द्यावी लागते. पारा ४५ च्या वर गेला की कावळेसुद्धा कडुनिंबाच्या आतल्या फांद्यांवर चोच उघडी ठेवून बसतात. अशा दुपारी आमच्या पुढच्या खोलीत, कूलरच्या वाळ्याच्या ओल्या वासात, छोट्या कृष्णधवल टीव्हीवर बर्फ पसरलेला असायचा. त्या बर्फावरून एक पेंग्विन धावत असायचा. त्याचं तोंड आम्हाला दिसायचं नाही. दिसायची ती पाठ, दोन्ही बाजूंना फडफडणारे आखूड पंख, आणि दर पावलाला डावीकडे-उजवीकडे झुलणारं ते गुबगुबीत अंग.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. दादाला दहावीत चांगले मार्क मिळाले म्हणून बाबांनी व्हिडिओ गेम आणला होता. त्याच्याबरोबर एक पिवळी कॅसेट आली. खरं तर ती नुसती प्लॅस्टिकची डबी आणि आत एक हिरवी पट्टी, पण आम्ही सगळे तिला कॅसेटच म्हणायचो. तिच्यावर छापलेला खेळांचा आकडा एवढा मोठा होता की आळीतल्या कुणालाच तो खरा वाटत नव्हता, आणि तो खरा नव्हताच. तेच वीस-पंचवीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. कॅसेट चालली नाही की तोंडाशी धरून फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. मग टीव्हीच्या मागच्या बारीक चकत्या फिरवत चॅनल लावायचा. खरखरीतून आधी आवाज यायचा, मग मुंग्यांमधून हळूहळू चित्र वर यायचं.

दादा आणि त्याचे मित्र ‘कॉन्ट्रा’ खेळायचे. उघड्या अंगाचे दोन सैनिक, हातात बंदुका, समोरून गोळ्यांचा पाऊस. एक गोळी लागली की एक जीव गेला, तीन जीव गेले की खेळ संपला. त्या आरड्याओरड्यात मला जागा नव्हती. पोरं आपापल्या घरी जेवायला गेली, दादा आडवा झाला, की रिमोट माझ्या हातात यायचा. मी यादीतून खाली खाली जात ‘अंटार्क्टिक अ‍ॅडव्हेंचर’पाशी थांबायचे. आमच्याकडे त्याला पेंग्विनचा गेम म्हणत. ते दोन्ही खेळ कोनामी या एकाच जपानी कंपनीने केलेले आहेत, हे मला फार उशिरा कळलं. एकाच छपराखाली कुणी बंदूक घडवत होतं आणि कुणी पेंग्विनची चाल बसवत होतं, याचं आश्चर्य मला अजून वाटतं.

खेळ साधा होता. पेंग्विनला एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर पोचायचं आहे. वरच्या पट्टीत उरलेला वेळ आणि उरलेलं अंतर दिसतं. वरचा बाण दाबला की तो जोरात पळतो, खालचा दाबला की सावकाश होतो, आणि एका बटणाने उडी मारतो. वाटेत बर्फाला भोकं पडलेली असतात, मोठ्या भेगा असतात. एखाद्या भोकातून अचानक सीलचं डोकं वर येतं. दुसऱ्या एखाद्यातून मासा उसळतो, तो पकडला तर गुण मिळतात. वाट वळते तेव्हा पेंग्विन आपोआप बाहेरच्या अंगाला फेकला जातो आणि त्याला सावरून आत घ्यावं लागतं. मागे राखी आभाळ, दूरवर बर्फाचे कडे. त्या काळच्या यंत्राला याहून जास्त काही दाखवणं जमत नव्हतं, आणि जे दाखवलं होतं ते मला पुरून उरत होतं.

पण मी त्या खेळात गुंतले ते दुसऱ्याच कारणाने. त्यात मरण नव्हतं. पेंग्विन सीलला धडकला तर तोल जाऊन अडखळायचा. भेगेत पडला तर काठाला धरून लोंबकळायचा, एवढंसं डोकं वर दिसायचं, आणि बटण दाबलं की उडी मारून बाहेर यायचा. अंग झटकायचा आणि पुन्हा धावायला लागायचा. त्याचे जीव मोजलेले नव्हते, कारण जीव जाणारच नव्हता. पडल्याची किंमत एकच होती, वेळ. वरच्या पट्टीतले आकडे तेवढे कमी झालेले असायचे. वेळ संपायच्या आत पोचलं की झालं, मग वाटेत दहा वेळा पडला असलात तरी ठाण्यावर कुणी हिशेब मागत नसे.

गणितात कच्च्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला हे केवढं मोठं वाटलं असेल! शाळेत चूक म्हणजे लाल फुली होती, आणि ती वहीत कायमची राहायची. इथे चूक म्हणजे थोडा उशीर. त्यातून वर येता येत होतं, आणि वर आल्यावर पेंग्विन पहिल्याइतकाच पेंग्विन असायचा.

आणि उशीर ही गोष्ट आमच्या घरात रोजच्या बोलण्यातली होती. बाबा गार्ड होते.

रात्री-अपरात्री कॉल बॉय दारात यायचा. कडी वाजायची, बाबा उठून त्याच्या वहीत सही करायचे, आणि आई न बोलता स्टोव्ह पेटवायची. बाबांची लोखंडी पेटी स्टेशनवर असायची, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव. लाल आणि हिरवी झेंडी, हातबत्ती, शिटी, धोक्याचे फटाके, असं सगळं त्या पेटीत. कधी खांडव्याकडे, कधी बडनेऱ्याकडे, कधी इगतपुरीकडे. मालगाडीच्या सगळ्यात मागे, ब्रेकव्हॅनमध्ये, एकटे. आम्ही भावंडं म्हणायचो, बाबा गाडी चालवत नाहीत, नुसते मागे बसतात. एकदा ते हसून म्हणाले होते, “अगं, गाडी पुढे नेणारा वेगळा. ती अख्खी पोचली का, हे बघणारा मी.”

त्यांनी मला एल.व्ही.चा फलक तेव्हाच दाखवला होता. प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यामागे तो असतो. हा शेवटचा डबा, एवढंच तो सांगतो. गाडी स्टेशनातून जाताना स्टेशनचा माणूस बाहेर उभा राहून तो फलक गेला का ते पाहतो. रात्री लाल दिवा पाहतो. शेवटचा डबा दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, वाटेत काही तुटून मागे राहिलं नाही. तो दिसेपर्यंत मागच्या गाडीला त्या मार्गावर सोडत नाहीत. बाबांच्या तोंडी ‘गाडी पूर्ण आली’ हे तीन शब्द फार समाधानाने यायचे. वेळेवर आली का, हे त्यानंतर.

एका दुपारी ते रात्रपाळी करून आले होते. झोप लागत नव्हती म्हणून पुढच्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसले. मी खेळत होते. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “टाइम किती दिलाय?” मी वरची पट्टी दाखवली. “आणि सेक्शन केवढं आहे?” मी अंतराचा आकडा दाखवला. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी गुणलं. “मग एवढी पळवतेस कशाला? भोकं आली की हळू कर. तिथे कॉशन आहे असं समज.” रुळाचं काम चाललेलं असतं किंवा पूल कच्चा असतो, तिथे गाडीला कॉशन ऑर्डर मिळते, अमुक ठिकाणी अमुक वेगाच्या वर जायचं नाही. मी वेग कमी केला. पेंग्विन भोकांच्या मधून डुलत डुलत पार झाला आणि मोकळ्या बर्फावर आल्यावर मी पुन्हा वरचा बाण दाबला. त्या दिवशी पहिल्यांदा मी पाचव्या ठाण्यापर्यंत पोचले.

त्यानंतर बाबा घरी असले की तो आमचा दोघांचा खेळ झाला. रिमोट माझ्याकडे, सेक्शनचा अभ्यास त्यांच्याकडे. कुठल्या टप्प्यात वळणं जास्त आहेत, कुठे लागोपाठ तीन भेगा येतात, हे ते लक्षात ठेवायचे. पोचलं की त्यांच्या खिशातल्या घड्याळाकडे हात जायचा, जणू जर्नलमध्ये वेळ लिहायची आहे.

आईने तो खेळ कधी नीट पाहिला नाही. तिने तो ऐकला. खेळ चालू असेपर्यंत मागे एक सूर वाजत राहायचा. तीन-तीन मात्रांचा झोका, आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाणारा. त्या यंत्राच्या पिचक्या आवाजातही त्याचा डौल लपत नव्हता. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना आई तो गुणगुणायची. लाटणं त्या झोक्यावर फिरायचं. “तुझ्या बदकाचं गाणं चांगलंय हं,” ती म्हणायची. पेंग्विनला ती शेवटपर्यंत बदकच म्हणाली.

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर एका संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी तो सूर व्हायोलिनांच्या ताफ्यावर ऐकू आला आणि माझा उजवा अंगठा आपोआप हलला. उडी मारायला. ती एमिल वाल्डटॉयफेल या फ्रेंच संगीतकाराने १८८२ मध्ये रचलेली वॉल्ट्झची धून होती, ‘ले पातिनर’, म्हणजे बर्फावर घसरत खेळणारे. पॅरिसच्या हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर नाचणाऱ्या माणसांसाठी केलेलं ते गाणं. शंभर वर्षांनी जपानमध्ये कुणीतरी ते पेंग्विनच्या पायांना बांधलं, आणि तिथून ते भुसावळला, ४५ अंशांत, पोळ्यांच्या कणकेपर्यंत येऊन पोचलं. इतका लांबचा प्रवास करून ते गाणं कुठेही उतरलं नव्हतं. आईच्या लाटण्यावरही ते घसरतच होतं.

आता झेंड्यांविषयी सांगायला हवं, कारण माझा जीव त्यांच्यात अडकला होता.

प्रत्येक ठाणं एका देशाचं असायचं. पेंग्विन पोचला की खांबावर त्या देशाचा झेंडा सरसर वर चढायचा. सगळा टप्पा आमच्याकडे पाठ करून धावलेला पेंग्विन तिथे मात्र तोंड वळवून उभा राहायचा. ते एक क्षणभराचं दर्शन मिळावं म्हणून मी धावायचे असं म्हटलं तरी चालेल. पण आमचा टीव्ही कृष्णधवल होता. सगळे झेंडे राखाडी. कोणता कोणाचा, हे ओळखायचं कसं?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मी पाठ केलं होतं, अंटार्क्टिकावर भारताची दोन ठाणी आहेत, दक्षिण गंगोत्री आणि मैत्री. दक्षिण गंगोत्री या नावाने मला वेड लावलं होतं. जिथे गंगा उगम पावते ते गंगोत्री आम्ही कॅलेंडरवर पाहिलं होतं, आणि पृथ्वीच्या खालच्या टोकाशी तसंच दुसरं गंगोत्री असेल, तिथेही कुणी ओंजळीत पाणी घेत असेल, असं वाटायचं. तेव्हा पेंग्विनच्या वाटेवर ते असणारच, याबद्दल मला शंका नव्हती. आणि एक दिवस ते सापडलं. एका ठाण्यावर तीन आडव्या पट्ट्यांचा झेंडा चढला. वरची पट्टी गडद, मधली उजळ, खालची पुन्हा गडद. मधल्या पट्टीत मला चक्रही दिसलं. खरंच होतं की डोळ्यांनी घातलं, देव जाणे. मी उठून उभी राहिले. राष्ट्रध्वज वर चढताना बसून कसं राहायचं? दादा झोपेतून कुशीवर वळून म्हणाला, “काय झालं गं?” मी म्हटलं, “दक्षिण गंगोत्री आलं.”

त्या सुट्टीभर मी त्या ठाण्यावर पोचायला खेळले. कधी त्याच्या आधीच्या टप्प्यात वीज जायची आणि सगळा बर्फ एका ठिपक्यात आकसून विझायचा. खेळ जिथे सोडला तिथून पुन्हा धरायची सोय नव्हती. वीज आली की पहिल्या ठाण्यापासून सुरुवात. मी कुरकुर न करता पुन्हा निघायचे, कारण वाटेवर आपलं स्टेशन होतं.

जूनमध्ये समोरच्या क्वार्टरमध्ये रंगीत टीव्ही आला. तिथल्या काकूंनी आम्हाला व्हिडिओ गेम घेऊन बोलावलं. दादाच्या मित्रांनी आधी गोळ्या झाडून घेतल्या, मग माझी पाळी आली. रंगांत तो बर्फ निळसर होता, आणि पेंग्विनच्या अंगाचा काळा निळ्याकडे झुकलेला. मी जीव मुठीत धरून ते ठाणं गाठलं. खांबावर झेंडा चढला. वर फिकट निळं, मध्ये पांढरं, खाली फिकट निळं. केशरी नाही, हिरवं नाही. एका मोठ्या मुलाने सांगितलं, “अर्जेंटिनाचा आहे हा. मॅराडोनाचा.” सगळ्यांना तो झेंडा वर्ल्डकपमुळे ठाऊक होता. मी रिमोट खाली ठेवला.

घरी येऊन रडले नाही, पण जेवलेही नाही. बाबा ड्यूटीवरून आल्यावर आईने त्यांना सांगितलं असावं. ते माझ्याजवळ येऊन बसले. मी म्हटलं, “बाबा, आपलं स्टेशनच नाही त्यात. जपानचं आहे, ऑस्ट्रेलियाचं आहे, फ्रान्सचं आहे, सगळ्यांचं आहे.” ते समजूत काढायची म्हणून काही गोड बोलले नाहीत. नीट विचार केला आणि रेल्वेच्या माणसाने द्यावं तसं उत्तर दिलं. “टाइमटेबल जुनं असेल. नवीन स्टेशन सुरू झालं की ते पुढच्या टाइमटेबलात येतं. म्हणून काय ते स्टेशन नसतं होय?”

मला ते तेव्हा पटलं, कारण बाबांनी सांगितलं होतं. ते अक्षरशः खरं होतं हे कळायला वीस वर्षं गेली.

तो खेळ प्रथम आला १९८३ मध्ये, एमएसएक्स नावाच्या घरगुती कॉम्प्युटरवर. म्हणजे तो माझ्याच वयाचा निघाला. टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम यंत्रावर तो १९८५ मध्ये आला, आणि त्या यंत्राच्या नकलांमधून पुढच्या दशकात आमच्यासारख्या घरांत पोचला. त्या १९८३ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये ‘नानक्योकु मोनोगातारी’ हा सिनेमा लागला होता आणि तो तुफान चालला. जपानी तुकडीने १९५८ मध्ये अंटार्क्टिकाच्या आपल्या ठाण्यावर नाइलाजाने मागे सोडलेल्या १५ कुत्र्यांची ती खरी गोष्ट. पुढच्या जानेवारीत माणसं परत गेली तेव्हा तारो आणि जिरो हे दोन कुत्रे जिवंत होते. एक अख्खा हिवाळा काढून ते ठाण्यापाशीच थांबले होते. त्या देशाच्या मनात तेव्हा दक्षिणेचा बर्फ होता, आणि त्या बर्फावर माणसाची वाट पाहणारे प्राणी होते. पेंग्विनच्या ठाण्यांमध्ये कुणाचीही वाट पाहणारी ती माया मला आता दिसते.

आणि आपण? डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला ‘पोलर सर्कल’ या जहाजातून निघाली, आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. पण कायमचं ठाणं तेव्हा झालं नव्हतं. दक्षिण गंगोत्री उभं राहिलं ते तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ च्या मोसमात. पेंग्विनचा नकाशा आखला गेला तेव्हा आपलं स्टेशन अजून व्हायचं होतं. टाइमटेबल खरोखरच जुनं होतं, आणि तेही थोड्याच महिन्यांनी.

याहून हुरहूर लावणारी एक गोष्ट आहे. दक्षिण गंगोत्री तरंगत्या बर्फाच्या पाटावर बांधलेलं होतं. दर हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ साठत गेला, ते हळूहळू आत आत गेलं, आणि मैत्री उभं राहिल्यावर दक्षिण गंगोत्री माणसांनी सोडून दिलं. मी १९९४ च्या मे महिन्यात भुसावळला बसून ज्या ठाण्याच्या झेंड्यासाठी उभी राहत होते, ते तोवर बर्फाखाली गेलेलं होतं. तिथे एक टपालघरही होतं. त्याचा कारभार गोव्याच्या टपाल विभागाकडे होता. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी पत्र नक्की पाठवलं असतं, आणि पत्त्यात पेंग्विनचं नावही घातलं असतं.

खऱ्या पेंग्विनांची गोष्ट अर्थात निराळी. ते किनाऱ्याचे रहिवासी. ध्रुवापर्यंत कुणी जात नाही, तिथे खायला काहीच नाही. चालून दमले की पोटावर आडवे होतात आणि पंखांनी बर्फ मागे लोटत घसरत जातात. आणि सील त्यांना नुसता अडखळवत नाही, बिबळ्या सील त्यांना खातो. माणसांसाठी तर तो बर्फ फार कठोर राहिला आहे. १४ डिसेंबर १९११ ला आमुंडसेन ध्रुवावर पोचला. स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला पोचला तेव्हा तिथे आधीच नॉर्वेचा झेंडा होता. ३४ दिवसांचा उशीर. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे शेवटचे दोन सोबती तंबूत गारठून गेले. पुढचं अन्नाचं ठाणं तिथून फक्त ११ मैलांवर होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या खेळाचं मोल नव्याने कळलं. त्या खंडावर उशीर म्हणजे काय असतं, हे ज्यांना ठाऊक होतं अशा जगात कुणीतरी मुलांसाठी असा अंटार्क्टिका केला की जिथे भेगेतून प्रत्येक वेळी वर येता येतं. ते भाबडेपण नव्हतं. मूल ज्या वयात पडायला शिकतं त्या वयासाठी केलेली ती जागा होती. आणि त्या खेळाला शेवटही नव्हता. सगळी ठाणी पार केली की पेंग्विन पुन्हा पहिल्यापासून निघायचा, वाट तीच, फक्त आधीपेक्षा अवघड.

या पेंग्विनला पुढे पेंटा हे नाव मिळालं आणि १९८६ मध्ये त्याचा दुसरा खेळ आला, ‘पेंग्विन अ‍ॅडव्हेंचर’. आजारी राजकन्येसाठी सोन्याचं सफरचंद आणायला तो निघतो. पुढे जगभर नाव झालेल्या हिदेओ कोजिमा यांचं या क्षेत्रातलं ते पहिलं काम. त्या खेळात एक छुपी गोष्ट आहे. राजकन्या वाचते की नाही, हे तुम्ही खेळताना किती वेळा थांबलात यावर ठरतं. एकदाही न थांबता धावत सुटलेला पेंग्विन पोचतो, पण त्याला उशीर झालेला असतो. मी हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरोबर आहे. पाणी घ्यायला थांबावंच लागतं.” ते वाफेच्या इंजिनांच्या काळातलं बोलत होते.

बाबा निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने गार्ड हे पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा ते पेपर घडी करून म्हणाले, “गार्ड चांगलं होतं. गार्ड म्हणजे राखणारा.” मग आई गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी त्यांना म्हटलं, “चला, गोव्याला जाऊ.” त्यांना समुद्राची ओढ नव्हती. मी कारण सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पास शोधायला कपाट उघडलं.

गोवा एक्स्प्रेस भुसावळवरूनच जाते. मनमाड, दौंड, पुणे, मिरज, मग घाट उतरून वास्को. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर बाबा खिडकीशी सरकून स्टेशनचा माणूस बाहेर उभा आहे ना, ते पाहत होते. वास्कोला उतरल्यावर सगळे प्रवासी दरवाज्याकडे निघाले आणि बाबा उलट दिशेला, शेवटच्या डब्याकडे चालू लागले. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. पाऊल टाकताना सगळं अंग आधी एका बाजूला झुकतं, मग दुसऱ्या. फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन त्यांनी एल.व्ही.चा फलक पाहिला. “पूर्ण आली,” ते म्हणाले.

दुपारी आम्ही रिक्षाने सड्यावर गेलो. ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था तिथल्या टेकाडावर आहे. आम्ही ती बाहेरूनच पाहिली. पलीकडे खाली मुरगावचं बंदर, क्रेन, नांगरलेली जहाजं, आणि त्यांच्यापुढे फक्त पाणी. याच बंदरातून १९८१ च्या त्या डिसेंबरात पहिलं जहाज निघालं होतं. “इथून किती दिवस लागले त्यांना?” बाबांनी विचारलं. मी बोटांवर मोजलं. “चौतीस.” मोजता मोजता माझ्या लक्षात आलं, स्कॉटला उशीर झाला तोही चौतीसच दिवसांचा. बाबांना मी ते सांगितलं नाही. ते समुद्राकडे पाहत होते आणि त्यांचा हात खिशातल्या घड्याळाकडे गेला होता.

बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हणजे आपली लाइन इथपर्यंत, आणि तुझ्या पेंग्विनची इथून पुढे.”

वाऱ्यात त्यांचा शर्ट फुगत होता. ऊन कलायला लागल्यावर आम्ही परत निघालो. उतारावरचा रस्ता एका ठिकाणी उखडलेला होता. ते पुढे, मी मागे. मी हात धरायला सरसावले तर त्यांनी मागे न बघता मान हलवली आणि एकटेच सावकाश उतरू लागले. खड्डा आला की थांबत, पाय चाचपून पलीकडे टाकत. त्यांची पाठ डावीकडे झुले, उजवीकडे झुले. एकदा ते अडखळले. माझ्या काळजात चर्र झालं, उजवा अंगठा हलला. त्यांनी कठड्याला धरलं, सावरले, क्षणभर तसेच उभे राहिले आणि पुन्हा निघाले. आई पोळ्या लाटताना गुणगुणायची तो झोका मला ऐकू येत होता.

खाली रिक्षा उभी होती. तिच्यापाशी पोचल्यावर बाबा थांबले आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उन्हाने आणि श्रमाने लाल झालेला होता. हातातला हिरवा रुमाल त्यांनी सवयीने आडवा धरला. सगळं ठीक आहे, असं सांगताना गार्ड धरतो तसा. मी वरून हात आडवा करून उत्तर दिलं, आणि खड्ड्यांपाशी वेग कमी करत उतरायला लागले.